जावयाचा जिताडा

महादेवच्या घराण्यात एक पद्धत होती. मुलीला हळद लागली की त्याच दिवशी घरामागच्या तळ्यातला वीतभर जिताडा धरायचा, त्याच्या शेपटीची कड कात्रीने जराशी कापायची, डोक्याला हळदीचं बोट लावायचं आणि परत पाण्यात सोडायचा. तो जावयाचा. मग त्याला घरातलं कुणी हात लावत नसे. लग्नानंतरच्या आखाडात जावई जेवायला आला की तो मासा काढायचा, डोकं जावयाच्या ताटात वाढायचं आणि सासऱ्याने समोर बसून बघत राहायचं. जिताडा म्हणजे काही ऐरागैरा मासा नव्हे. पनवेलच्या खाडीकाठी ज्याच्या तळ्यात जिताडा त्याची मान ताठ, मग खिसा फाटका का असेना.

समीक्षाच्या हळदीला महादेवनेही असाच एक सोडला. पण पहिल्या आखाडाला मासा भरला जेमतेम किलोभर. "एवढंसं पिल्लू जावयाच्या ताटात घालू? लोक तोंडात शेन घालतील," असं म्हणून त्याने दुसरा मासा काढला आणि हा वाढू दिला. दुसऱ्या आखाडाला तो जाळ्याखालून निसटला. तिसरा आखाड समीक्षाने पाहिलाच नाही. कावीळ झाली, आणि आज बरी होईल, उद्या बरी होईल म्हणता म्हणता पोर हातची गेली. महादेवची बायको भामा लेकीच्या लग्नाआधीच गेलेली. तिला हे बघायला लागलं नाही, तेवढं एक बरं झालं, असं महादेव म्हणायचा.

मासा मात्र राहिला.

आता कुणी म्हणेल, राहिला तर खायचा होता. अहो, खाणार कसा? लेकीला दिलेलं बापाने खायचं नसतं, हे आगऱ्याच्या पोराला शाळेत जायच्या आधी कळतं. जुनी माणसं लेकीच्या घरचं पाणीसुद्धा पीत नसत. विकायचा म्हणावं तर तेही लेकीचंच खाल्ल्यासारखं. दुसऱ्या कुणाला द्यावा, तर देणारे आपण कोण? तेव्हा जिताडा तळ्यात राहिला आणि वाढत गेला. इतका वाढला की संध्याकाळी तळ्याच्या कडेला वळला की बुडबुडे नव्हे, चांगली लाट यायची.

त्या लाटेची महादेवला सोबत होती. खोटं कशाला बोला, दुसरी होतीच कुणाची? गाव जागा विकून विकून पक्क्या इमारतींत गेलं होतं. बांधावर आता दोनच घरं उरली होती, महादेवचं आणि चार तळी पलीकडे काशिरामचं. काशिरामच्या घरात सुना-नातवंडांचा गोंगाट असायचा. महादेवच्या घरात टीव्ही चालू असायचा, तो बघायला नव्हे, नुसता आवाजाला. जेवायला बसला की तो टीव्हीकडे पाठ करून दाराकडे तोंड करायचा. दारातून मुरुमाचा रस्ता दिसे. त्या रस्त्याने प्रणितची गाडी यायची, समीक्षा होती तेव्हा.

प्रणित म्हणजे जावई. कोन गावचा मुलगा, जमिनींच्या व्यवहारात शिरलेला, बोलायला गोड. समीक्षा गेल्यावर तो वर्षश्राद्धापर्यंत येत राहिला. मग येणं कमी झालं, मग फोन कमी झाला, आणि मग नवीन पनवेलातल्या एका व्यापाऱ्याच्या हेतल नावाच्या मुलीशी त्याचं लग्न झाल्याचं काशिरामकडून कळलं. महादेवने राग धरला नाही. तरण्या पोराने आयुष्यभर काय भिंतीकडे बघत बसायचं? पण एक गोष्ट त्याच्या डोक्यात पक्की होती. मासा तळ्यात आहे तोवर जावई आहे. जेवण राहिलेलं आहे. राहिलेल्या जेवणाला माणूस कधी ना कधी येतो.

आणि नेमका त्याच तळ्यावर घाला आला.

झालं असं, की ही तळी काही देवाने केलेली नव्हती. पूर्वी तिथून खाडीचा एक फाटा वाहायचा, थेट वरच्या खाजणापर्यंत, म्हणजे खाऱ्या दलदलीपर्यंत. महादेवच्या बापाच्या काळात गावाने त्या फाट्यातच आडवे बांध घातले आणि एकापुढे एक तळी केली. प्रत्येक तळ्याला उघाडी, म्हणजे लाकडी फळीचं दार. भरतीला फळी उचलायची, पाण्याबरोबर माशांची बारीक पिल्लं आत येतात. ओहोटी लागायच्या आत फळी टाकायची. झालं! खाडीने पिल्लं आणून द्यायची, आपण ती वाढवायची आणि ताटात घ्यायची. परत खाडीत एकही मासा जायचा नाही. दोन पिढ्या मजेत गेल्या. मग खाडीतच काही मिळेना. कोळी जाळं टाकून थकले, आणि तळ्यांतही पिल्लं यायची थांबली. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

शेवटी मच्छीमारांच्या सोसायटीने आणि खाडीवर काम करणाऱ्या एका संस्थेने मिळून ठरवलं, फाटा वेगळा आणि तळी वेगळी करायची. आडवे बांध फोडायचे, फाट्याची जुनी वाट मोकळी करायची आणि तळ्यांच्या बाजूने लांबच्या लांब उभा बांध घालून सगळ्या उघाड्या कायमच्या बुजवायच्या. तळी राहतील, पण पावसाच्या पाण्याची. गावाने दोन सभा भांडून घेतलं आणि तिसऱ्या सभेत हो म्हटलं. महादेवनेही हात वर केला. खाडी मेली हे त्याला काय दिसत नव्हतं?

संस्थेकडून प्रांजल नावाची मुलगी यायची. गुडघ्यापर्यंत बूट, डोक्यावर टोपी आणि तोंडाने अखंड बडबड. महादेवला ती आवडायची, कारण ती चहाला नाही म्हणायची नाही. उन्हाळा संपायच्या आत काम उरकायचं होतं. इतरांनी आपापल्या तळ्यांतले मासे काढून खाल्ले, विकले, नातेवाइकांना वाटले. महादेवचं तळं शेवटचं. एका दुपारी त्याच्या उघाडीपाशी उभी असताना प्रांजलला पाण्यात ती लाट दिसली, आणि तिची बडबड एकदम बंद पडली.

"काका, हा केवढा आहे!"

"जावयाचा हाय," महादेव म्हणाला.

"ही मादी असणार. जिताडा लहानपणी नर असतो. मोठा झाला की मादी होतो."

काशिराम तिथेच विडी ओढत बसला होता. तो हसून हसून खोकायला लागला. "आयला! म्हादू, तुजा जावय बाई झाला रे!"

महादेवलाही हसू आलं. पण प्रांजल हसली नाही. ती उकिडवी बसून पाण्याकडे बघत म्हणाली, "काका, अशा मोठ्या माद्या खाडीत उरल्याच नाहीत. पावसात खाडीच्या तोंडाशी जाऊन अंडी घालतात त्या. एकेक लाखांनी घालते. बांध घालायच्या आधी हिला खाडीत सोडाल? नाहीतर ती इथेच राहील आणि पुढच्या उन्हाळ्यात हे तळं आटेल."

"सोडली असती, बाय. पन मी कोन सोडनारा? ती माजी नाय."

मग त्याने तिला सगळं सांगितलं. हळद, कात्री, निसटलेलं जाळं, कावीळ, सगळं. प्रांजलला वाटलं असेल, हा म्हातारा काय घेऊन बसलाय! पण तिने तसं तोंडावर दाखवलं नाही. एवढंच म्हणाली, "मग त्यांना बोलवा ना. रविवारी ओहोटीला तुमची उघाडी बुजवायची आहे. त्याच्या आत."

महादेवला आनंद झाला. बोलवायला कारण मिळालं होतं. नुसतं 'या' म्हणून बोलावलं तर कोण येतं हल्ली? पण आता तारीख होती, बांध होता. त्याने ठरवलं, जावई आला, जेवला, तर मासा त्याच्या ताटात जाईल. खाडीची आणखी कुणीतरी सोय करेल. एक दुपार प्रणितने समोर बसून जेवावं आणि एकदा तरी समीक्षाचं नाव घ्यावं, याच्यापुढे त्याला लाख अंड्यांचं काही वाटत नव्हतं. वाईट दिसतं खरं, पण होतं ते असं.

पहिला फोन प्रणितने उचलला. "मामा, साइटवर आहे, मी करतो तुम्हाला." केला नाही.

दुसरा फोन एका बाईने उचलला. "हॅलो, कोण बोलतंय? ते आंघोळीला गेलेत."

महादेव गडबडला. काय सांगायचं? "मी प्रनितरावांचा सासरा," तो बोलून गेला, आणि बोलल्याबरोबर त्याला स्वतःच्याच जिभेचा राग आला. जिच्याशी बोलतोय तिचा बाप नाही का प्रणितचा सासरा? आपण आता कोण?

पलीकडे हेतलच होती. ती म्हणाली, "अच्छा, समीक्षाताईंचे बाबा! बरे आहात ना?"

किती दिवसांनी कुणाच्या तोंडून ते नाव ऐकलं! आणि घेतलं कुणी, तर हिने. "बरा हाय, बाय. त्यांना सांग, जिताडा काडायचाय, जेवायला या," एवढं कसंबसं म्हणून त्याने फोन ठेवला.

संध्याकाळी प्रणितचाच फोन आला. मामा कसे आहात, तब्येत काय म्हणते, गुडघे काय म्हणतात, सगळं झालं. मग तो म्हणाला, "तो मासा अजून आहे होय? मला वाटलं... अहो, तुम्हीच खाऊन टाका ना मामा."

"मला चालत नाय."

"मग काशिरामकाकांना द्या."

"प्रनितराव, तो तुमचाय. तुमी या. रविवारी तळं बंद व्हतंय, नंतर म्हनाल तरी नाय जमायचं."

पलीकडे प्रणितच्या मागे भांडं पडल्याचा आवाज आला. "बघतो, मामा," तो म्हणाला.

'बघतो' म्हणजे काय, हे मराठी माणसाला सांगायला नको. बघतो म्हणजे नाही. पण ज्याला आस असते त्याला त्यात होकार ऐकू येतो. महादेवने शनिवारी बाजारात जाऊन कोथिंबीर, लसूण, नवीन चिंच आणली. दोन काचेचे पेले आणले. काशिराम म्हणाला, "अरे, त्याच्या 'बघतो'वर तू वरात काडतोस?"

"येल तो," महादेव म्हणाला.

"आनि नाय आला तर?"

"तर तू मला हसायला हायसच की."

रविवारी सकाळी दोघांनी तळ्यात जाळं टाकलं. मासा सहज हाती लागला नाही. काशिरामला त्याने शेपटीने असा तडाखा दिला की तो चिखलात बसलाच. "जावयापेक्षा जावयाचा मासा माजुर्डा!" म्हणून तो ओरडला. शेवटी कसाबसा जाळ्याच्या झोळीत घेतला आणि उघाडीच्या तोंडाशी, पाण्यातच, चार काठ्यांना झोळी बांधून ठेवला. कापायचा तो जावई दारात आल्यावर. जिताड्याला ताजेपणा हवा.

मग महादेवने चूल पेटवली, वाटण वाटलं, तांदळाच्या भाकऱ्या केल्या. भाकऱ्या काही गोल झाल्या नाहीत. भामा असती तर म्हणाली असती, नकाशे काढलेत का? त्याने टीव्ही बंद केला, धुतलेला सदरा घातला आणि दारात बसला. बांधाच्या टोकाला पोकलेन घेऊन भावेश नावाचा ड्रायव्हर ओहोटीची वाट बघत होता. प्रांजलही होती. ती दोनदा झोळीत डोकावून आली, पण महादेवला काही बोलली नाही. डोक्यावरून विमानं जात होती. मुरुमाच्या रस्त्यावर एक टेम्पो आला, मग पाण्याचा टँकर आला. प्रत्येक वेळी महादेव उठून उभा राहिला.

पाणी उतरू लागलं तशी प्रांजल येऊन म्हणाली, "काका, अजून थोडा वेळ थांबू शकतो. फार नाही." आणि तेवढ्यात रस्त्यावर पांढरी गाडी वळली.

प्रणित! जरा सुटलेला, केस पुढून विरळ, पण तोच. महादेवला असं झालं की धावत जाऊन मिठी मारावी. पण सासऱ्याने असं करायचं नसतं. तो पाण्याचा तांब्या घेऊन पुढे झाला. "या, या, प्रनितराव! पाय धुवा. लगेच कापतो मासा, सगलं तयार हाय."

प्रणितने पाय धुतले. ओट्यावर बसला. घरात एक नजर टाकली. भिंतीवर समीक्षाचा फोटो होता, तो चुकवून त्याने नजर परत अंगणात आणली. महादेव कोयता घेऊन निघाला तसा तो म्हणाला, "मामा, थांबा. बसा जरा."

"बसायला येळ कुठाय? ओहोटी लागली."

"मामा, मी मासा खात नाही."

महादेवला कळलंच नाही. "वार पालता का? आज रविवार हाय."

"वार नाही. सोडलंय मी. दोन वर्षं झाली. हेतलच्या घरी कुणी खात नाही, आमच्याही घरी आता शिजत नाही. तिने सांगितलं नव्हतं हां, मीच सोडलं." तो खाली बघत बोलत होता. "फोनवर सांगायचं होतं. तुम्ही एवढं मनापासून बोलत होतात, जीभच रेटेना. म्हटलं, समोर जाऊनच सांगावं."

कोयता महादेवच्या हातात तसाच राहिला. आगऱ्याच्या पोराने मासा सोडला? खाडीचं पाणी पिऊन वाढलेल्या पोराने? क्षणभर त्याला भयंकर राग आला. एवढी वर्षं जिवापाड राखला, भरती-ओहोटीला उघाडी सांभाळून जगवला, तो कुणासाठी? वरणभात खाणाऱ्यासाठी? तो म्हणाला, "मग भाकरी तरी खा. चटनी वाटतो. भाकरीला काय शिवाशिव नाय ना?"

"जेवून आलोय, मामा."

हे मात्र लागलं. मासा नको तर नको, पण जेवायला बोलावलेला जावई पोट भरून आला? महादेव खाली बसला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते त्याने लपवलंही नाही. "प्रनितराव, असं का केलंत? मी काय वंगाळ वागलो तुमच्याशी? आखी पाच वरसं मी या रस्त्याकडं बगत जेवतो."

"तुम्ही काहीच केलं नाही," प्रणित म्हणाला. "मामा, तुम्हाला माहीत नाही. मी आलो की तुम्ही माझ्याकडे बघतच नाही. माझ्या मागे बघता. गाडीच्या दुसऱ्या दाराकडे. आज पण बघितलंत. ती उतरेल असं वाटतं तुम्हाला. मग मला इथे एकट्याने आल्याची लाज वाटते. प्रत्येक वेळी वाटते. इथे बसून घास गिळायचा कसा हो मी?"

खरं होतं ते. आजही महादेवने बघितलं होतं. दुसरं दार उघडलं नाही, तेव्हा कुठे त्याने प्रणितला 'या, या' म्हटलं होतं. एवढी वर्षं त्याला वाटत होतं की आपण जावयाची वाट बघतोय. जावयाची कुठली? आणि त्या पोराने ते पहिल्या दिवशीच ओळखलं होतं.

"समीक्षाला वांगं आवडत नव्हतं," प्रणित मध्येच म्हणाला. "मी अजून वांगं घेताना थांबतो बाजारात. हेतलला माहिताय."

ते नाव आलं. जेवताना नाही आलं, पण आलं. महादेव सदऱ्याच्या बाहीने तोंड पुसून उठला आणि कोयता परत भिंतीला लावला.

"चला," तो म्हणाला. "तुमचा मासा हाय. तुमी सोडा."

प्रणितने पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. त्याचा काही उपयोग झाला नाही, पहिल्याच पावलाला तो मांडीपर्यंत चिखलात गेला. एका बाजूने तो, दुसऱ्या बाजूने महादेव आणि मध्ये धडपडणारी झोळी. काशिराम काठावरून सूचना करत होता आणि कुणी त्या ऐकत नव्हतं. भावेश पोकलेनमधून उतरून बघायला आला. आडवा बांध जिथे फोडला होता तिथून फाट्याचं पाणी खाडीकडे पळत होतं. तिथे कमरेएवढ्या पाण्यात दोघे उभे राहिले.

महादेवने शेपटी हातात घेऊन दाखवली. कात्रीची खूण केव्हाच भरून निघाली होती, कुठे कापलं होतं ते शोधूनही सापडलं नसतं. "हाच तो, कशावरून?" प्रणितने विचारलं.

"मला ठाव हाय."

प्रणितने झोळीची एक कड सोडली. मासा लगेच गेला नाही. तोंड प्रवाहाकडे करून तिथेच हलत राहिला, जणू दार कुठे आहे ते त्याला उमजत नव्हतं. महादेवच्या ओठांवर 'ऱ्हा गं' असं आलं होतं. मग पाण्याला एक मोठा हिसका बसला, दोघांच्या तोंडावर चिखल उडाला आणि झोळी रिकामी झाली. प्रांजल काठावर लहान मुलीसारख्या टाळ्या वाजवत होती.

पोकलेन सुरू झालं. उघाडीची फळी काढून भावेशने तिथे माती ओतायला सुरुवात केली. प्रणितने विहिरीवर हातपाय धुतले, मोबाइल बघितला, आणि गाडीपाशी येऊन रीतीप्रमाणे वाकून पाया पडला.

"येतो, मामा."

"जातो म्हना," महादेव म्हणाला.

प्रणित चमकला. निघताना 'जातो' कोण म्हणतं? मयताच्या घरून उठताना माणूस न बोलता उठतो, पण जातो म्हणत नाही. "असं काय बोलता, मामा? रागावलात?"

"रागान नाय बोलत. तुमी येनार नाय, ते मला ठाव हाय, तुमाला पन ठाव हाय. पन येतो म्हटलात की मी वाट बगतो. रस्त्याला कुठली पन गाडी वळली की उटून उबा रातो. आता माजे गुडघे दुकतात, प्रनितराव. जातो म्हना, म्हंजे मी बसून राईन."

प्रणितने दोन्ही हातांनी महादेवचे हात धरले आणि बराच वेळ धरून ठेवले. मग अगदी हळू म्हणाला, "जातो, मामा."

त्याच्या तोंडावरचा सगळा ताण उतरला. डोक्यावरचा भारा खाली ठेवलेल्या माणसाचं तोंड असं होतं. महादेवने ते पाहिलं. आपणच उतरवायला सांगितलेला भारा, तरी तो उतरलेला बघून फार वाईट वाटलं. गाडी गेली. सकाळच्या भाकऱ्या त्याने रात्री काशिरामच्या नातवंडांना धाडून दिल्या.

पावसाळा आला, ओसरत आला. तळं पावसाच्या पाण्याने भरलं, पण त्यात काही हलत नव्हतं. फाटा मात्र मोकळा वाहत होता. भरतीला पार वरच्या खाजणापर्यंत पाणी चढायचं, कडेच्या तिवरांत बगळे बसायचे. महादेव दाराकडे पाठ करून टीव्ही बघायला शिकला होता. मालिका चांगल्या असतात असं तो काशिरामला सांगायचा.

गणपती जवळ आले होते तेव्हा एका सकाळी प्रांजल धावत आली. "काका, चला, चला लवकर!" तिने त्याला फाट्याच्या वरच्या अंगाला नेलं, जिथे दोन पिढ्यांत खाडीचं पाणी पोचलं नव्हतं. तिच्या माणसांनी बारीक जाळं ओढलं होतं. पांढऱ्या घमेल्यात खाडीच्या पाण्यात बोटाएवढी पिल्लं फिरत होती. डोक्यावरून पाठीपर्यंत पांढरा पट्टा, गोल शेपटी. महादेवला काही सांगायला लागलं नाही.

"जिताडे!" प्रांजल म्हणाली. "इतकी वर्षं इथे एक नव्हता. आज घमेलंभर! आपल्याच मादीची असतील असं मी छातीठोकपणे नाही सांगणार हां, काका. पण असतीलही."

महादेव वाकून बघत राहिला. त्याला इतका आनंद झाला की कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवेना. त्याने सदऱ्याच्या खिशातून फोन काढला. फोनमध्ये प्रणितचं नाव सगळ्यात वर होतं, कारण दुसऱ्या कुणाला तो फोन करतच नसे. काय बोलायचं तेही ठरलं. प्रनितराव, तुमच्या माशाला पोरं झाली, एवढंच सांगायचं. या म्हणून म्हणायचंच नाही. नुसतं कळवायचं.

अंगठा नावावर गेला आणि तिथेच थांबला. पलीकडून तो काय म्हणेल ते महादेवला ऐकूच येत होतं. वा वा मामा, छान झालं, येतो एकदा बघायला, असं म्हणेल. चांगला मुलगा आहे, म्हणेलच. आणि एकदा त्याने येतो म्हटलं की संपलं.

पिल्लं घमेल्यात गोल गोल फिरत होती. प्रांजलने घमेलं उचललं आणि अलगद फाट्यात ओतलं. पाणी जरा हललं आणि परत सपाट झालं.

"काका, कुणाला फोन लावताय?" तिने विचारलं.

महादेवने फोन खिशात टाकला. "कुनाला नाय, बाय," तो म्हणाला. "किती वाजले ते बगत व्हतो."